आठ मिनिटांचं वृंदवादन आणि ऐंशी तास: बडोद्यातल्या एका दिवाळी पहाटेचा हिशोब

कार्यक्रम संपल्यावर मांडवात हमखास विचारतात, "चाल सुचायला किती वेळ लागला?" चाल नऊ तासांत झाली होती. चाल बांधणारा एक आणि वाद्यरचना करणारा एक, अशा आम्हा दोघांचे मिळून एकूण ऐंशी तास लागले. त्यात तालमी धरलेल्या नाहीत. नऊ वजा केले तर एकाहत्तर उरतात, आणि त्या एकाहत्तरांबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहोत.

काम असं होतं: बडोद्यात नरकचतुर्दशीला दिवाळी पहाट, उघड्यावरचा मांडव, सुरुवात पहाटे साडेपाचला. गाण्यांच्या आधी निव्वळ वाद्यांचा एक तुकडा हवा, आठ मिनिटांच्या आत. वादक पंधरा: व्हायोलिन चार, चेलो एक, सतारी दोन, बासऱ्या दोन, संतूर, क्लॅरिनेट, हार्मोनियम, तबला, पखवाज आणि ढोलकीसकट बाकीची हातवाद्यं सांभाळणारा एक. सतारी एकच ओळ वाजवणार, व्हायोलिन दोन-दोनच्या जोड्यांत. त्यामुळे माणसं पंधरा असली तरी वेगळे लिहायचे पार्ट बारा.

पहिला कागद सुरांचा नव्हता, कालनिर्णय समोर ठेवून केलेला होता. बडोद्यात नवरात्र म्हणजे काय हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. नऊ रात्री शहरातला एकही तालवादक, एकही कीबोर्डवाला मोकळा नसतो, आणि गरब्याच्या तालमी आधी महिनाभर चालू असतात. दसऱ्यापासून नरकचतुर्दशीपर्यंत साधारण १९ दिवस मिळतात. त्यातले पहिले दोन-तीन दिवस वादक झोप काढतात, शेवटचे तीन-चार घरच्या फराळात आणि खरेदीत जातात. पूर्ण ताफ्याच्या पाच तालमी उरलेल्या बारा दिवसांत बसवायच्या. म्हणजे लिहिलेले पार्ट नवरात्राच्या आधी हातात पडले पाहिजेत, गटवार तालमी पितृपक्षात उरकल्या पाहिजेत, आणि काम आषाढात सुरू झालं पाहिजे. रोज संध्याकाळी दोन तास या हिशोबाने ऐंशी तास म्हणजे चाळीस संध्याकाळी. सलग चाळीस कोणाला मिळतात? आम्हाला अडीच महिने लागले.

आता राग. पहाटेचा कार्यक्रम म्हटल्यावर यमन, हंसध्वनी वगैरे सोयीचे राग बाद. सुरुवात अहिरभैरवात आणि शेवट देसकारात करायचं ठरलं. अहिरभैरवात रे आणि नी कोमल. देसकारात पाचच सूर: सा रे ग प ध, सगळे शुद्ध. कानाला हा बदल अंधारातून उजाडल्यासारखा लागतो. पण निवडीचं खरं कारण कमी काव्यमय आहे. सतारीच्या तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप घुमणाऱ्या तारा) आणि संतूरच्या तारा आठ मिनिटांच्या मध्येच पुन्हा मिळवता येत नाहीत. दोन राग घ्यायचे तर त्यांच्यात भांडणारे सूर कमीत कमी हवेत. इथे भांडण फक्त रिषभाचं, म्हणजे रे चं आहे. कोमल निषाद आणि मध्यम देसकारात नाहीतच, त्यामुळे त्यांच्या तरफा तशाच राहिल्या तरी गप्प बसतात. रिषभाच्या तरफा सतारियांनी षड्जाला, म्हणजे सा ला मिळवून टाकल्या, काम संपलं.

संतूरचं इतकं सहज सुटलं नाही. त्याच्या शंभराच्या आसपास तारा एकदा मिळवल्या की मिळवल्या. तो देसकारात मिळवून ठेवला, म्हणजे अहिरभैरवाच्या भागात त्याच्याकडे दोन्ही रागांना चालणारे चारच सूर उरले: सा, ग, प, ध. पूर्वार्धातला संतूरचा पार्ट या चार सुरांवरच लिहिला आहे. पन्नास मात्रा गप्प, मग दोन थेंब, पुन्हा गप्प. ऐकणाऱ्याला ती सौंदर्यदृष्टी वाटते. वाटू द्यावी.

पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते, ठरवायला एक संध्याकाळ गेली आणि ती सत्कारणी लागली. सतार सहसा काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी, सी-शार्प) असते. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. पांढरी दोन (डी) हा षड्ज धरला तर त्या तारा अनुक्रमे मंद्र (खालच्या सप्तकातला) मध्यम, षड्ज, पंचम आणि तार (वरच्या सप्तकातला) शुद्ध रिषभ होतात. हात मोकळा राहतो. सतार अर्धा सूर चढवता येते, बाजाची (मुख्य) तार आदल्या दिवशी नवी घालायची एवढंच. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा सगळ्यांत खालचा सूर पांढरी दोनच्या षड्जात नेमका मंद्र सा येतो. म्हणून पांढरी दोन. सोबत आणखी एक गोष्ट त्याच दिवशी सगळ्यांना कळवावी: फोनमधला ट्यूनर ४४० वर (ए या सुराची प्रमाण कंपनसंख्या) ठेवायचा. क्लॅरिनेटवाला नळी जरा बाहेर ओढून सूर उतरवू शकतो, चढवायला त्याच्याकडे फारशी जागा नसते. बासरी तर कारागिराने कापली तशीच राहते. हार्मोनियमचे सूर ऐनवेळी हलत नाहीत. जुन्या पेट्या ४४० च्या वरखाली निघतात, म्हणून पेटी आधी मोजायची आणि बाकीच्यांनी नंतर तिला धरायचं. उलट क्रमाने केलं की तालमीचा पहिला पाऊण तास तार पिळण्यात जातो.

चालीच्या नऊ तासांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. "ध नी रे सा" ही अहिरभैरवाची ओळख सांगणारी संगती घेऊन एक मुखडा, त्याला दोन उत्तरं, देसकारात मध्यलय गत (वाद्यांसाठी बांधलेली रचना) आणि तिचीच आवळलेली द्रुत गत. फोनवर गुणगुणून ठेवलेले तेवीस तुकडे, त्यांतले सहा वापरले.

आराखड्याला चार तास दिले होते. खरं तर आठ द्यायला हवे होते, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच झाला. आराखडा म्हणजे सेकंद आणि मात्रांचं कोष्टक. पहिला असा होता: बिनतालाची सुरुवात ७० सेकंद. मग रूपक ताल, मिनिटाला ८४ मात्रा, म्हणजे सात मात्रांचं आवर्तन (तालाची एक फेरी) पाच सेकंदांत. ३२ आवर्तनं, १६० सेकंद. मग सोळा मात्रांचा तीनताल १२० च्या लयीत, आवर्तन आठ सेकंदांचं. २० आवर्तनं, पुन्हा १६० सेकंद. शेवटी द्रुत तीनताल २४० च्या लयीत, चार सेकंदांचं आवर्तन. २१ आवर्तनं, ८४ सेकंद. बेरीज ४७४ सेकंद, सात मिनिटं चोपन्न. कागदावर देखणं.

पण ८४ वरून १२० वर जायचं कसं? एकटा तबलजी ते करून दाखवेल. पंधरा माणसांना ती लय कुठेतरी आधी ऐकू यावी लागते, दोन लयींत मोजता येण्याजोगं नातं असावं लागतं. ८४ आणि १२० चं नातं सातास दहा. संगणकावर वाजवून ऐकलं तेव्हा सांधा अगदी गुळगुळीत वाटला होता; संगणक काय, चुकतच नाही. गटवार तालमीत व्हायोलिनवाले समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) आले आणि सतारी अर्धी मात्रा मागे राहिल्या, दर वेळी. शेवटी रूपक ६० वर आणला. ६०, १२०, २४०: दर टप्प्याला दुप्पट. रूपकाची मात्रा मनात दुगुन केली की पुढची लय आपोआप हाती येते.

एक आकडा बदलला आणि काय काय हललं ते पाहा. ६० च्या लयीत रूपकाचं आवर्तन सात सेकंदांचं. ३२ आवर्तनं ठेवली तर २२४ सेकंद होतात, म्हणजे चौसष्ट सेकंद जास्त. दहा आवर्तनं कापली, २२ उरली, १५४ सेकंद. एकूण आता ४६८, सात मिनिटं अठ्ठेचाळीस. कापलेल्या दहांत मुखड्याचं दुसरं उत्तर गेलं, आणि ते पुढे द्रुतमध्ये परत येणार होतं, तेव्हा तिथलंही बदललं. बासरीच्या ओळी दोन-दोन आवर्तनांच्या होत्या. ८४ ला त्या दहा सेकंदांच्या होत्या, एका फुंकेत निघत होत्या. ६० ला चौदा सेकंद झाल्या, आणि मंद्रात तेवढी फुंक पुरत नाही. मग पहिल्या बासरीची ओळ दुसरीने पाचव्या मात्रेपासून खालून उचलायची, पहिलीने श्वास घ्यायचा, अशी साखळी लिहिली. श्वास कुठे घ्यायचा तेही लिहावं लागतं. न लिहिल्यास दोन्ही बासऱ्या एकाच जागी, बहुधा समेच्या ऐन आधी, श्वास घेतात. व्हायोलिनच्या गजाचंही तेच: सात सेकंद एका गजात ओढायचे तर आवाज बारीक होतो, म्हणून रूपकाच्या तीन-दोन-दोन विभागांवर गज बदलण्याच्या खुणा. दुरुस्त्यांचे एकूण बारा तास लागले, त्यांतले सात या एका लयीपायी.

वाद्यरचनेला अडतीस तास लागले, मिनिटाला सरासरी जवळजवळ पाच. पण सरासरी फसवी आहे. बिनतालाच्या ७० सेकंदांना दोन तास पुरले आणि शेवटच्या ८४ सेकंदांनी तेरा तास खाल्ले. मात्रा मोजल्या की कारण कळतं: रूपकात १५४, मध्यलय तीनतालात ३२०, द्रुतात ३३६. एकूण ८१०, गुणिले बारा पार्ट, म्हणजे ९,७२० चौकटी. प्रत्येक चौकटीत काहीतरी लिहायचं असतं. तिथे काही वाजत नसेल तर तेही लिहायचं.

वेळ सगळ्यांत जास्त कुठे गेला तर देसकारात. देसकार आणि भूप यांचे सूर तेच. देसकार राहतो वरच्या अंगात (सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात), धैवत वादी, म्हणजे मुख्य सूर. भूपात गंधार वादी आणि बस्तान खालच्या अंगात. गायकाला हे सांभाळणं अवघड नाही. वृंदवादनात मात्र खालच्या सप्तकात चेलो आणि पखवाज बसलेले, त्यांना काहीतरी काम द्यायचं असतं. आम्ही चेलोला गंधारावर लांब सूर दिला, भरणा छान होईल म्हणून. झाला भरणा. वर व्हायोलिन धैवतावर न्यास करत (वाक्य थांबवत) होते आणि खालून चेलो शांतपणे त्याचा भूप करत होता. जाणकार श्रोता पहाटे साडेपाचला संध्याकाळचा राग ऐकून काय म्हणेल ते वेगळं, पण आम्हालाच ते ऐकवेना. चेलोचे सगळे गंधार काढले. त्याला सा, प आणि मधूनमधून गजाने उचललेला मंद्र धैवत एवढंच ठेवलं, तेव्हा राग जागेवर आला. खालचं अंग पोकळ वाटू लागलं, ती पोकळी पखवाजाने भरली.

दुसरा प्रश्न जोडसुराचा. पहिल्या व्हायोलिनच्या ओळीखाली दुसरी ओळ लिहायची तर रागाबाहेरचा सूर घेता येत नाही. सोपी युक्ती म्हणजे रागाच्याच मांडणीत दोन पायऱ्या खालचा सूर. तार षड्जाखाली पंचम, तार रिषभाखाली धैवत, पंचमाखाली रिषभ, धैवताखाली गंधार. या चारही जागी अंतर सा-म चं येतं, खणखणीत आणि जरा कोरडं. फक्त गंधाराखाली षड्ज येतो, तिथे अंतर सा-ग चं, गोड. सलग ओळ अशी वाजवली की त्या एकाच जागी अचानक गोडवा येतो आणि कान तिकडे खेचला जातो. म्हणजे पुन्हा गंधार डोकं वर काढतो, पुन्हा भूप! शेवटी दुसऱ्या जोडीला समांतर चालवायचं सोडलं. ती धैवतावर धरून राहते आणि वाक्य संपताना पंचमावर उतरते. तेरा तासांतले चार या एका गंधाराने घेतले.

अहिरभैरवाच्या भागात त्रास कोमल रिषभाचा. चार व्हायोलिननी एकाच वेळी रिषभावर आंदोलन घेतलं (सूर हळू झुलवला) की चौघांचं आंदोलन चार रुंदींचं असतं आणि सगळं बेसूर वाटतं. सुरात असून बेसूर. आंदोलन एकाने घ्यायचं, बाकीच्यांनी षड्ज धरायचा. हार्मोनियमला तो रिषभ दिलाच नाही, कारण पेटीचा सूर स्थिर, शेजारी सतार तोच सूर ओढत असते. तार सप्तकातल्या कोमल रिषभाची गोम आणखी वेगळी. पांढरी दोनच्या पट्टीत व्हायोलिनची ई तार मोकळीच शुद्ध रिषभावर असते. त्याच्या खालचा कोमल रिषभ त्या तारेवर निघणारच नाही. तो ए तारेवर करंगळीने घ्यावा लागतो, आणि करंगळीने आंदोलन म्हणजे शिक्षा. हात वर सरकवून तिसऱ्या पोझिशनमध्ये घेतला तर जमतो, पण मग आधीच्या दोन मात्रा हात सरकवायला मोकळ्या हव्यात. चौघांपैकी दोघे मात्र आपल्या शास्त्रीय पद्धतीने प-सा-प-सा अशी व्हायोलिन मिळवणारे होते. त्यांची शेवटची तार तार षड्जावर, त्यांना हा प्रश्नच नाही. ती ओळ त्या दोघांना दिली आणि जोड्या त्यानुसार बदलल्या. वादक कोण आहेत हे कळल्याशिवाय पार्ट लिहायला बसू नये, ते अशा ठिकाणी कळतं.

बासरीचा सगळ्यांत खालचा सूर सहाही भोकं बंद करून निघणारा मंद्र पंचम. अहिरभैरवात मध्यम वादी, त्यामुळे सुरुवातीच्या आलापात मंद्र मध्यमापर्यंत उतरण्याचा मोह होतो, आणि चाल गळ्यावर बांधलेली असेल तर तो मोह झालेला कळतही नाही. एका सुराने बासरी कमी पडली. ती ओळ क्लॅरिनेटला गेली, बासरी दुसऱ्या वाक्यापासून आली. सतारीचं उलट: सूर छेडल्यावर विरत जातो, तर व्हायोलिनचा सूर टिकून राहतो. दोन्ही एकाच सप्तकात ठेवले की सतार दिसते पण ऐकू येत नाही. सतारींची गत चालू असताना व्हायोलिन एकतर थांबलेले किंवा मंद्रात अगदी हलके, हे शेवटपर्यंत पाळलं.

तिहाया (तीनदा वाजून समेवर संपणारे तुकडे) दोन. रूपकातून तीनतालात शिरताना तीन आवर्तनांची, म्हणजे २१ मात्रा अधिक पुढची सम, एकूण २२: सहा मात्रांचा पल्ला तीनदा, मध्ये दोन-दोन मात्रांचे दम. अठरा आणि चार, बावीस. शेवटची तिहाई दोन आवर्तनांची. ती पहिल्या खर्ड्यात ३२ मात्रांची लिहिली गेली, कारण सोळा दुणे बत्तीस. बत्तीसावी मात्रा म्हणजे सोळावी, सम तेहतिसावी. शेवटचा धा समेच्या एक मात्रा अलीकडे पडत होता. नऊचा पल्ला, तीनचे दम: सत्तावीस आणि सहा, तेहतीस. इतकी वर्षं ताल मोजूनही कागदावर लिहिताना ही चूक होते, कारण हात टाळी देत नसतो, रकाने मोजत असतो.

पार्ट लिहिणं आणि तपासणं, सतरा तास. बडोद्यातली खास अडचण लिपीची. संगीतज्ञ मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा सुरू केली तेव्हापासून या गावाला सूर कागदावर उतरवण्याची सवय आहे. त्यांची स्वतःची स्वरलेखनपद्धतीही होती. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये इथेच भरली, आणि सर्वांची एक लेखनपद्धती असावी हा तिच्या उद्देशांपैकी एक होता. शंभर वर्षांनंतर आमच्या पंधरा जणांना तीन तऱ्हेचे कागद लागले. काहींना देवनागरीत भातखंडे पद्धत (सा रे ग म अक्षरांनी लिहिण्याची), तरुण वादकांपैकी काहींना तीच गुजराती लिपीत, आणि दोन व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट यांना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन). क्लॅरिनेटला स्टाफमध्ये लिहायचं तर एक पूर्ण सूर चढवून लिहावं लागतं. सरगम लिहिली तर तो प्रश्न येत नाही, पण मग त्याला वाचता येत नाही.

सरगम टाइप करताना मंद्राचं टिंब हा मोठा वैरी. अक्षराखालचं टिंब स्क्रीनवर दिसतं, झेरॉक्समध्ये पुसट होतं, फोनवर पाठवलेल्या फोटोत नाहीसंच होतं. कोमलची आडवी रेघही अक्षराखालीच. "ध नी रे सा" मध्ये धैवत आणि निषाद मंद्र, निषाद आणि रिषभ कोमल. म्हणजे निषादाखाली रेघही आणि टिंबही. छापून आल्यावर दोन्ही मिळून एक डाग झाला होता. शेवटी टिंबं आणि रेघा हाताने, लाल बॉलपेनने दिल्या. पाच प्रतींत दोन तास गेले, पण नंतर कोणी चुकीच्या सप्तकात शिरलं नाही. एका ओळीत एक आवर्तन ठेवावं, रूपकाला सात रकाने, तीनतालाला सोळा. त्रेसष्ट आवर्तनं आणि वर आलाप, ए-फोरची पाच पानं होतात. पान उलटायला हात मोकळा हवा, म्हणून पान जिथे संपतं तिथे त्या वादकाला किमान चार मात्रांची विश्रांती मिळेल असं पाहायचं. संतूरला ते नैसर्गिक जमलं. पहिल्या व्हायोलिनला नाही, तेव्हा त्यांची पानं शेजारी-शेजारी चिकटवून लांब पट्टी केली आणि दोन स्टँड लावले.

तालमींचा हिशोब थोडक्यात: गटवार चार, दोन-दोन तासांच्या, पूर्ण पाच, तीन-तीन तासांच्या, एकूण तेवीस तास. पूर्ण तालमीत पहिला अर्धा तास मिळवण्यात जातो, शेवटची वीस मिनिटं चहात, आणि "एकदा सलग घेऊ" हे तिसऱ्या तालमीच्या आधी म्हणू नये. पहिल्या दोनांत फक्त सांधे: आलाप ते रूपक, रूपक ते तीनताल, तीनताल ते द्रुत, शेवटची तिहाई. रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे बिनजोराच्या मात्रेवर असते, स्टाफ वाचणारे जोर शोधत राहतात. त्यांच्यासाठी हाताने तीन-दोन-दोन दाखवावं लागतं, तेही चौथ्या तालमीत आपोआप गळून पडतं.

पहाटेचं मिळवणं हा वेगळाच प्रकार. आदल्या संध्याकाळी उबेत मिळवलेली सतार पहाटेच्या गारव्यात चढते, तारा आकसतात. बासरी गार हवेत उतरते आणि फुंकून गरम झाली की चढत जाते. म्हणजे दोघी विरुद्ध दिशांनी निघालेल्या असतात, आणि मांडवातले दिवे लागल्यावर दोघी परत फिरतात: सतार उतरू लागते, बासरी चढू लागते. साडेचारला वादक जागेवर, दिवे तेव्हापासूनच चालू. आधी पेटी, मग संतूर, मग सतारी, मग तबला, शेवटी व्हायोलिन. संतूरला चाळीस मिनिटं लागली. बासरीवाल्यांनी पूर्ण वेळ फुंकत राहायचं, न वाजवता, नुसती ऊब द्यायची. पांढरी दोनला साडेपाच इंची तबला घेतला होता, गट्टे (वाद्या ताणणारे लाकडी ठोकळे) एकदाच ठोकावे लागले. पखवाजाच्या डाव्या पुडीला (चामड्याला) लावायची ओली कणीक मात्र दिव्यांच्या उष्णतेने सुकते, म्हणून ती सगळ्यांत शेवटी, साडेपाचला पाच मिनिटं असताना लावली.

प्रत्यक्ष वाजलं ते सात मिनिटं एक्कावन्न सेकंद, कागदापेक्षा तीन जास्त. ते तीन सेकंद बिनतालाच्या सुरुवातीत क्लॅरिनेटने घेतले, आणि घेतले ते बरं झालं.

कार्यक्रमानंतर पार्ट परत गोळा करायचे, हे बहुतेक जण विसरतात. पंधरांपैकी तेरा प्रती आल्या. त्यांवर वादकांनी पेन्सिलने केलेल्या खुणा होत्या: कुठे गज उलटा, कुठे श्वास एक मात्रा आधी, चेलोच्या पानावर "ग नाही!!" असं दोनदा अधोरेखित. त्या सगळ्या मूळ प्रतीत उतरवायला आणखी अडीच तास लागले. ते ऐंशीत धरलेले नाहीत.